आरशासारखं रक्त

"दारू घेता का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि मला हसू फुटलं. हसण्यासारखं काही नव्हतं. पुण्यातला एवढा मोठा दवाखाना, समोरच्या पडद्यावर माझ्याच पोटातले करडे फोटो, बाहेर बाकावर पोट टम्म फुगलेले अब्बा माझी वाट बघत बसलेले, आणि मी, बीडजवळच्या पालीच्या जिल्हा परिषद शाळेतली शाईस्ता मॅडम, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, तब्येत कशीही असली तरी रोजे न सोडणारी, त्या माणसासमोर खी खी करत बसले. चहा घेता का असं विचारावं तितक्या साधेपणानं त्यांनी विचारलं होतं. "नाही हो सर," मी म्हणाले, "वाससुद्धा जवळून माहीत नाही." त्यांनी मान डोलावली. ती मान मी ओळखत होते. अशीच मान अंबाजोगाईला एका डॉक्टरांनी अब्बांसमोर डोलावली होती. तुमच्यावर विश्वास आहे म्हणणारी आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारणारी मान. माझं हसू तेव्हा थांबलं.

अब्बांना किती जणांनी विचारलं त्याला गणती नाही. बीडला विचारलं, अंबाजोगाईला विचारलं, सोनोग्राफीच्या टेबलावर पोटाला ती चिकट जेली लावता लावता एका पोरानं विचारलं. पहिल्यांदा अब्बा अदबीनं म्हणाले, "न्हाई साहेब. आमी बागवान लोक. फळं विकतो, फळं खातो. बाकी काय न्हाई." दुसऱ्यांदा नुसतं न्हाई म्हणाले. तिसऱ्यांदा भडकले. "कुराण आणा, हात ठेवतो! अजून काय पायजे?" समोरच्या बिचाऱ्या शिकाऊ डॉक्टरणीचा चेहरा एवढासा झाला. लिव्हर सुकून दगड होत चाललं आहे, असं बहुतेक वेळा पिणाऱ्यांचंच होतं, म्हणून विचारावं लागतं, असं ती सांगत राहिली. तिचंही बरोबर होतं. पण त्याच वेळी माझ्या अम्मीनं, शहजादी बेगमनं, चाळीस वर्षं ज्याचे सदरे धुतले त्या माणसाकडे एकदा, फक्त एकदा, तिरकी नजर टाकली. अब्बांनी ती नजर पाहिली. मीही पाहिली. अम्मीनं लगेच डोळे खाली घातले, पदर तोंडाला लावला, पण नजर एकदा सुटली की माघारी थोडीच येते. त्या दिवसापासून अब्बांनी दवाखान्यात बोलायचंच सोडलं. काही विचारलं की माझ्याकडे बोट करायचे, हिला विचारा.

अब्बांचे वडीलसुद्धा असेच गेले होते. मी तेव्हा पहिलीत असेन. त्यांचे पिवळे डोळे आठवतात, आणि काडीसारख्या हातापायांच्या मधोमध ते पोट. गल्लीत लोक म्हणायचे, म्हातारा चोरून शिंदी प्यायचा. तोंडावर कुणी म्हणत नसे. मय्यतीला येऊन, खांदा देऊन, परत जाताना म्हणायचे. एकानं त्या नमाजी म्हाताऱ्याच्या पोरासमोर, म्हणजे अब्बांसमोरच म्हटलं, तर अब्बांनी त्याला मोंढ्यात, भर बाजारात, गचांडी धरून केळीच्या घडांवर पाडलं होतं. "बे, माझा बाप साखरेचं पानी पीत होता, बाकी काय न्हाई पीत होता!" अशी ती कथा. घरी आम्ही ही कथा हसत हसत सांगायचो. आता वाटतं, ती हसण्याची नव्हती.

अब्बा माझ्याशी मराठीतच बोलत. गाड्यावरची सवय. शिवाय मी मराठी शाळेची मास्तरीण, म्हणून थट्टाही असायची. "बाई, आमचं काय चुकलं तर छडी मारू नका," म्हणायचे. फकीर महंमद बागवान हे आपलं नाव त्यांनी चुकूनसुद्धा कधी पाटीवर लावलं नाही. बीडच्या कारंज्याजवळ गाडा होता तेव्हाही नाही, पुढे छोटं दुकान झालं तेव्हाही नाही. नाव आंब्याला असतं, विकणाऱ्याला कशाला, असं म्हणायचे. तेच अब्बा माझा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मात्र गल्लीभर मिरवत फिरले. पुण्याला जाण्याआधी बीडच्या लॅबमध्ये माझं रक्त तपासलं होतं. लॅबवाला कागद हातात देताना म्हणाला, "मॅडम, काय खाता काय तुम्ही? कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, सगळं लहान पोरासारखं. आजकाल असे रिपोर्ट दिसत नाहीत." हे मी घरी सांगितलं आणि माझीच चूक झाली. अब्बा काठी टेकत दारात जाऊन बसले आणि जो दिसेल त्याला सांगायला लागले, "पोरगी लिव्हर देणार हाय मला. रक्त बघा तिचं, आरशासारखं हाय, आरशासारखं!" भाऊ कलीमचा रक्तगट जुळत नव्हता. अम्मीला साखर. उरले मी. माझा नवरा तौसीफ बार्शी नाक्यावर गाड्यांची कामं करतो. त्याला विचारलं तेव्हा तो ट्रकखाली उताणा होता. बराच वेळ पाना फिरवण्याचा आवाज येत राहिला, मग खालूनच म्हणाला, "बाप हाय तुझा. मी कोण नको म्हणणार?" पण तो बाहेर काही आला नाही.

तर असं ते आरशासारखं रक्त, आणि पुण्याचे डॉक्टर विचारत होते दारू घेता का. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या लिव्हरमध्ये चरबी होती. जेवढी चालते तिच्या जवळजवळ दुप्पट. "रक्त इतकं साफ आणि लिव्हर असं, हे मला जरा खटकतंय," ते म्हणाले. अब्बांच्या जुन्या रिपोर्टातही रक्त असंच साफ होतं, हे त्यांनीच काढून दाखवलं. दोघांचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवायचं ठरलं. पण घाबरू नका, म्हणाले. ही चरबी खाणं सांभाळलं तर उतरते, कितीक देणारे महिनाभर पथ्य करून येतात आणि देतात. अब्बांकडे अजून थोडा वेळ आहे. मी म्हणाले, महिनाभर काय, उपाशी राहायला सांगा, राहते. मला त्या क्षणी खरंच तसंच वाटत होतं. बाहेर आले तर अब्बांनी नुसती हनुवटी उचलून विचारलं. मी सांगितलं, थोडी चरबी आहे, उतरवायची आहे. त्यांना केवढा दिलासा वाटला! "हात्तिच्या! मास्तरणीला शिक्षा झाली," म्हणाले.

पथ्य सांगायला एक तरुण मुलगी होती. छान समजावून सांगितलं तिनं. तळलेलं बंद, साखर बंद, मिठाई बंद, भाकरी मोजून, डाळ-अंडी भरपूर, रोज चालणं. आणि शेवटी म्हणाली, "एखादं फळ चालेल." आता हिला काय सांगू, बागवानाच्या घरात एखादं फळ कुणी खाल्लेलंच नसतं. आमच्याकडे फळ खाणं हे खाण्यात धरतच नाहीत. संध्याकाळी दुकानावरून डागी माल घरी येतो. ज्याच्यावर डाग पडला, जे फुटलं, जे सकाळपर्यंत टिकणार नाही ते. ते फेकायचं नाही, अल्लाची नेमत आहे, आणि विकायचं तर मुळीच नाही. मग उरलं काय? परातीभोवती सगळ्यांनी बसायचं आणि संपवायचं. केळी, चिकू, द्राक्षं, उन्हाळ्यात आंबे. लहानपणी मी कितीतरी रात्री भाकरीला हात न लावता झोपले आहे आणि अम्मीनं कधी विचारलं नाही, कारण पोट फळांनी भरलेलं असायचं. कुणी आजारी पडलं की पहिली गोष्ट म्हणजे जेवण बंद, फळं चालू. फळानं कुणाचं वाईट होतं हे आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा मी त्या मुलीनं सांगितलं होतं त्याच्याही वर केलं. मोजून कशाला, भाकरीच सोडली. मटण सोडलं, अंडी सोडली, फोडणी नको म्हणून डाळही सोडली. तेलाचा थेंब नको म्हणजे नको. आणि सीताफळं खाल्ली.

सीताफळांचे दिवस होते. पालीच्या वरच्या डोंगरातून बाया पाट्या भरून आणत होत्या. सीताफळ म्हणजे लई बेइमान फळ, अब्बा म्हणतात. संध्याकाळी दगड आणि सकाळी लोणी. एकदम पिकतं आणि मग थांबत नाही. अब्बांना दुकानावर जाणं होत नव्हतं, पण रोज संध्याकाळी कलीमला पाटी पलंगाजवळ ठेवायला लावायचे. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी, थरथरत्या अंगठ्यानं एकेक दाबून बघायचे, आणि डोळे नीट उघडलेली, आतून दाणेदार निघतील अशी माझ्यासाठी बाजूला काढायचे. पंचवीस वर्षं कलेक्टर कचेरीतल्या साहेबांना, वकिलांना त्यांनी माल निवडून दिला, पण असा निवडलेला मी पाहिला नव्हता. "खा. तेलतूप न्हाई, मसाला न्हाई, डोंगरातलं हाय. तुझं आतलं सगळं धुवून काढंल." आणि मी खात होते. त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात चिकट करून, बिया वाटीत थुंकत खात होते. ते बघत राहायचे. त्यांना स्वतःला आता दोन चमच्यांच्या वर काही जात नव्हतं. मी खाताना त्यांच्या तोंडाची बारीक हालचाल व्हायची, आई पोराला भरवताना करते तशी. खरं सांगते, आयुष्यात एवढी जवळीक आमच्यात कधी नव्हती. मुलगी म्हणून त्यांनी लाड केले, शिकवलं, बागवान गल्लीतली पहिली डी.एड. केलं, पण असं तासन्‌तास समोर बसणं कधी झालं नव्हतं. शाळेत पोरं विचारायची, मॅडम, तुम्ही आजारी हायत का? गाल आत गेले होते. वजनही थोडं उतरलं. मी खूश होते. आरशात गालफडं बघून मला मनापासून आनंद व्हायचा, या अल्ला, काय ती अक्कल!

महिन्यानं पुन्हा पुण्याला गेलो. पुन्हा ते मशीन, पुन्हा श्वास रोखा, सोडा. या वेळी मला एका छोट्या खोलीत एकटीलाच बोलावलं. चरबी उतरली नव्हती. वाढली होती. डॉक्टर माझ्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत होते. पथ्य सांगणारी मुलगीही आली. दिवसभर काय खाल्लं ते सांगा, म्हणाली. मी अभिमानानंच सांगायला सुरुवात केली. मी बोलत गेले आणि तिचं लिहिणं थांबत गेलं. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं. रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, फळातली साखर बहुतेक सगळी लिव्हरमध्येच जाते. जास्त झाली की तिथंच तिची चरबी होते. आणि तुम्ही डाळ-अंडी बंद केलीत, म्हणजे ती बाहेर काढायला लागतं तेही शरीराला मिळालं नाही." मग डॉक्टरांनी जनुकांचा रिपोर्ट समोर ठेवला. लिव्हरचं एक काम असतं, ते म्हणाले, चरबी बांधून रक्तात पाठवायची. ज्यांचं जास्त पाठवतं त्यांचं रक्त खराब होतं, हृदय बिघडतं. तुमच्या घराण्यात एक जनुक असं आहे की लिव्हर ती नीट पाठवतच नाही. धरून ठेवतं. म्हणून रक्त इतकं साफ. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही, पण वरून खाणं तसं असलं तर आत साठत जातं, सुजतं, सुकतं. वडिलांचं तेच झालं. दारूचा काही संबंध नाही. मी मोंढ्यात वाढलेली; मला ते मोंढ्याच्या भाषेतच कळलं. माल येतोय आणि उठाव नाही. दुकानाचा ओटा चकचकीत, आणि मागची खोली सडक्या मालानं भरलेली.

"पुन्हा करते सर," मी म्हणाले. "आता बरोबर करते. जे सांगाल तेच." डॉक्टरांनी अब्बांची फाईल उघडली. मग म्हणाले, नीट करायला दोन-तीन महिने तरी लागतील, आणि वडिलांचे कालचे रिपोर्ट बघता तेवढे महिने त्यांच्याकडे नाहीत. मयत दात्याकडून लिव्हर मिळण्याच्या यादीत त्यांचं नाव आहे, प्रयत्न चालू आहेत. हे शेवटचं वाक्य ते सगळ्यांनाच सांगत असणार. मला ओरडून रडावंसं वाटलं. एक महिना होता. अल्लानं हातात एक अख्खा महिना दिला होता, नुसती डाळ आणि अंडी खाल्ली असती तरी कदाचित झालं असतं, आणि मी तो बसून, बिया थुंकत, खाऊन टाकला. करायला गेले काय आणि झालं काय! बाहेर कलीमला आणि अब्बांना दवाखान्यानं एवढंच सांगितलं की दाता योग्य नाही. देणाऱ्याचं बाकी काही दुसऱ्याला सांगत नाहीत, असा तिथला नियमच आहे. परतीच्या वाटेवर अब्बा पुढच्या सीटवर डोळे मिटून होते. आष्टीला चहाला थांबलो. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर उभे होते, बाया पोरांना पाणी पाजत होत्या, भांड्यांचा आवाज, हाका. कलीमनं कप माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रक्त तर चांगलं होतं ना गं तुझं?" मी चहा फुंकत राहिले. काय बोलणार?

काय बोलणार हा प्रश्न बीडला आल्यावर घरभर माझ्यामागे फिरायला लागला. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येईल त्याला तो आरसा आठवत होता. अफसाना फुफी, अब्बांची धाकटी बहीण, तिनं तर जिभेला हाडच ठेवलं नाही. "रिपोर्ट तो आइने जैसा था ना? अब क्या हुआ?" असं अम्मीला विचारलं, मी समोर उभी असताना. मग चार बायकांकडे वळून म्हणाली, सासरी गेलेल्या पोरी, त्यांचं पोट त्यांच्या नवऱ्याचं, बापाला कोण कापून देतं? मला असा संताप आला की ताटातली सुपारी तिच्या अंगावर फेकावी. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. पण सांगायचं काय? घराण्यात दोष आहे म्हणू? गल्लीत उद्यापासून कलीमच्या पोरींची स्थळं बंद. आणि फळांचं सांगू? अब्बा त्या खोलीत पडलेले, भिंत कसली, पत्र्याचा पडदा मधे. मी सुपारी कातरत राहिले. घाबरली, घाबरली, असं स्वयंपाकघरात कुजबुजत होतं आणि मी ऐकत होते. तौसीफला तेवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. सांगणं सोपं आहे. त्याला काही बागवान गल्लीत तोंड दाखवायचं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी घर रिकामं झालं. बाप्ये नमाजला गेलेले, अम्मी मागे कपडे वाळत घालत होती. अब्बांनी हाक मारली. मी जाऊन पलंगाच्या कडेला बसले. त्यांचा चेहरा हळदीसारखा झाला होता, ओठांना भेगा. कापूस पाण्यात बुडवून मी ओठांवरून फिरवला. कापूस हातानं बाजूला सारत ते म्हणाले, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"चरबी कावून गेली न्हाई? तू तर काय खात नव्हतीस. सगळं सोडलं होतंस." थांबले, दम घेतला. "माझ्या हातची फळंच तेवढी खाल्लीस. त्या फळांनी तर न्हाई ना झालं, बेटा? मला दोन दिसापासून हेच डोक्यात येतंय. मीच तुला..."

"छे! काहीतरीच काय अब्बा," मी म्हणाले. "फळांनी कधी होतं का?"

"मंग?" त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण धरलं. "मंग माझ्या बापाला झालं, मला झालं, तेच तुला आलं का? माझ्या रक्तातून? तो डॉक्टर दोगांचं रक्त घेऊन गेला होता. मी काय येडा न्हाई."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हे. फळं म्हणावं तर त्यांचा हात, रक्त म्हणावं तर त्यांचंच. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीकडे मारणारे तेच निघत होते. मी काहीच बोलले नसते तरी ते जाईपर्यंत एकदा हे आणि एकदा ते, असं घोळवत राहिले असते. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी जमत होतं आणि ते गालावर यायच्या आत मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"चरबी गेली होती," मी म्हणाले.

त्यांनी मान उशीवरून उचलली.

"रिपोर्ट चांगला आला होता, अब्बा. मीच घाबरले." माझाच आवाज मला परक्या बाईसारखा ऐकू येत होता. "त्यांनी मला एकटीला खोलीत नेलं ना, तिथं सगळ्यांनाच विचारतात, मनापासून द्यायचं आहे का, जबरदस्ती तर नाही? ज्याला नको असतं त्याच्यासाठी बाहेर सांगतात, योग्य नाही म्हणून. आतून कापणार, एवढं मोठं, मला धीर झाला नाही. मला माफ करा. तुमचा काही दोष नव्हता. फळांचाही नाही. माझीच हिंमत झाली नाही."

मागे अम्मी ओले कपडे झटकत होती. मला वाटलं, आता हे तोंड फिरवतील, आणि फिरवलंच पाहिजे, असंच मी बोलले होते. पण अब्बांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. मनगटावरची बोटं सैल झाली आणि तीच वर येऊन माझ्या ओढणीवर थांबली.

"अगं, मंग बरं झालं की," ते म्हणाले. "घाबरायचंच असतं. मी सुईला घाबरतो. तुला दोन लेकरं हायत." आणि चक्क हसले. दात पिवळे, हिरड्यांतून रक्त, पण हसले. "मला वाटलं, मीच तुझं वाटोळं केलं. दोन दिस झोप न्हाई आली बघ."

मी रडायला लागले, आणि त्यांना वाटलं, लाजेनं रडते आहे.

"रडू नको. कुणाला सांगू नको हे," ते हळूच, मागच्या दाराकडे बघत म्हणाले. "तुझ्या फुफीला तर बिलकुल न्हाई. लोक लई वाईट असतात, नावं ठेवतील तुला. आपल्या दोघांतच राहू दे."

"नाही सांगत, अब्बा."

"शपथ घे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि शपथ घेतली. मग त्यांनी भिंतीकडे कूस बदलली, आणि अम्मी कपडे वाळत घालून आत येईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती.